मऊ बोलायचे आठ दिवस

चहा घ्या आधी, कारण हे ऐकताना हसू आलं की ठसका लागतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बायको घरात आली की या विषयावर हसायला बंदी आहे.

मी पोटच्या पोरीचं लग्न जवळजवळ मोडलं. भांडून नाही हो. चांगलं बोलून!

तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. कसबा बावड्यात तीस वर्षं मोटार वाइंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, दिवसभर ठोकाठोकी. आवाज चढलेलाच असतो. गेल्या वर्षी पोरीला, पल्लवीला, एक स्थळ आलं होतं. मी मुलाच्या वडिलांना सहज म्हणालो, "पोरगं उसाच्या पाचटागत वाळलंय ओ, खायला घालतासा का न्हाई?" काळजीनंच विचारलं होतं. ते चहा अर्धा टाकून गेले.

यंदा पल्लवीनं स्वतःच मुलगा पसंत केला. अमित, तिच्याच पुण्याच्या ऑफिसातला, मूळचा कुरुंदवाडचा. त्याचे आईवडील रविवारी आमच्याकडे यायचे ठरले, आणि पोरगी आठ दिवस रजा टाकून माझ्या मागं लागली. तिच्या ऑफिसात कुणाचं तरी व्याख्यान झालं होतं. म्हणे माणूस जसा बोलतो तसाच विचार करतो. "पप्पा, तुमी मऊ बोलाय लागलासा की आतनं पण मऊ व्हाल बघा," असं तिचं म्हणणं. हुकूम सोडायचा नाही, विचारायचं. समोरच्याच्या मताचा मान ठेवायचा. आपलं मत लादायचं नाही.

पोरीसाठी म्हटलं, शिकू. दुकानापासून सुरुवात केली.

एक शेतकरी मोटार घेऊन आला. एरवी मी नुसता वास घेऊन सांगतो, "पाणी नसताना चालवलीसा, जळणारच की." त्या दिवशी म्हणालो, "मोटार कशामुळे जळाली असावी, असं आपल्याला वाटतं?" तो माझ्याकडे बघत राहिला, मग मोटार उचलून शेजारच्या दुकानात गेला. त्याचं जाऊ द्या. तो गेल्यावर मीच विचारात पडलो की खरंच कशामुळे जळाली असेल बरं? तीस वर्षांचं ज्ञान एका प्रश्नात गेलं. तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं मी.

रविवारी पाहुणे आले. अमितचे वडील माझ्याच वयाचे, धोतर-टोपी, शेतकरी माणूस. आई शांत. मी दोन्ही हात जोडून म्हणालो, "आपण वेळ काढून आलात, आम्हाला आनंद वाटला." त्यांनी मागं वळून बघितलं, आणखी कुणी आलंय की काय म्हणून.

जेवायला बसलो. बायकोनं पहाटेपासून खपून तांबडा-पांढरा रस्सा केला होता, मटण तर एवढं की गल्ली जेवली असती. आता कोल्हापुरात पाहुण्याला वाढायची रीत तुम्हाला काय सांगायची? विचारायचं नसतं. त्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतनं रस्सा सोडायचा. पहिलं नको लाजेचं असतं, दुसरं रीतीचं, आणि तिसरं नको म्हणजे किती वेळ लावताय.

पण मी मऊ झालो होतो ना. बायकोच्या हातातनं पातेलं घेतलं आणि म्हणालो, "आपल्याला आणखी थोडं आवडेल का?"

"नको, नको," पाहुणे रीतीप्रमाणे म्हणाले.

"बरं," मी म्हणालो, आणि पातेलं आत नेऊन ठेवलं.

खरं सांगतो, मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. उलट भारी वाटलं. एका माणसाच्या मताचा मान ठेवला म्हणून. पाहुण्यांनी रिकामी वाटी दोनदा पुढं सरकवली, तेव्हा मला वाटलं, त्यांना उठायचंय. मी हात धुवायला पाणी दिलं. दारात उभी असलेली बायको डोळे मोठे करून बघत होती. मी तिच्याकडे बघून मंद हसलो.

मग बैठकीत पाहुणे म्हणाले, "मग, पोरगा कसा वाटला आमचा?"

पोरगा मला पुण्यात पहिल्याच भेटीत आवडला होता. पण मत लादायचं नव्हतं. मी म्हणालो, "प्रत्येकाचे आपापले गुण असतात." ते म्हणाले, पुढचं कसं करायचं? मी म्हणालो, सर्वांनी शांतपणे विचार करावा, घाई कुणालाच नसावी, आपली जी इच्छा असेल तिचा आम्ही आदर करू. दोन तास मी असा बोललो. जितका बोललो तितकं मला काय म्हणायचंय ते मलाच सापडेना. शेवटी पाहुणे उठले. मी दारापर्यंत जाऊन त्यांचे आभार मानले. आमच्या गल्लीत आभार फक्त तेराव्याला मानतात.

संध्याकाळी अमितचा फोन आला. त्याचे वडील म्हणाले होते, "मुलीच्या बापाला स्थळ पसंत न्हाई. जेवणबी हात राखून वाढलं. सरळ नको म्हणाला असता तर बरं झालं असतं."

पल्लवी आतल्या खोलीत जाऊन रडली. मी दाराबाहेरनं म्हणालो, "अगं, मी कुठं नको म्हणालो?"

"व्हय तरी कुठं म्हणालासा?" ती म्हणाली.

बायकोनं भरलेलं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं आणि निघून गेली. आतनं पोरीचं रडणं ऐकू येत होतं, आणि गंमत बघा, त्यावर काय वाटतंय हेसुद्धा मला नीट शब्दांत येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि कुरुंदवाडची वाट धरली. इचलकरंजीपर्यंत छान छान वाक्यं जुळवली. "झालेल्या गैरसमजाबद्दल आम्ही दिलगीर असून..." पुढं काही सुचेचना. शेवटी एका टेम्पोवाल्यानं आडवी गाडी घातली आणि माझ्या तोंडातनं आठ दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. डोकं एकदम स्वच्छ झालं.

पाहुणे गोठ्यात म्हैस धूत होते. मी स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच ओरडलो, "ओ पावणं! पोरगा मला आवडलाय. पोरगी तुमच्याच घरात द्याची हाय. जमतंय का न्हाई, एवढं बोला!"

म्हैस बिचकली. पाहुण्यांनी बादली खाली ठेवली, पंच्याला हात पुसले, आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"जमतंय की," ते म्हणाले. "आमी एवढंच ऐकाय आलतो."

मग गोठ्यातच खाटेवर शेजारी बसवलं, तंबाखूची चंची पुढं केली आणि हळूच विचारलं, "पण काल दोन तास तुमी नेमकं काय बोलत हुतासा?"

मी म्हणालो, "पावणं, तुमाला काय समजलं ते सांगा की. म्हंजे मलाबी कळंल."