कॉइलला लावलेलं गंध

कारखान्यात माझ्या सशाच्या काळजाची सगळे चेष्टा करत आणि ती खोटी नव्हती. साठच्या दशकात बंगळूरला नोकरीला लागलो आणि इंडक्शन हीटिंगच्या मशीनचा ऑसिलेटर माझ्या गळ्यात पडला. दिसायला साधा डबा. पण त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या ठेक्यावर काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह पाळीपाळीने वीज सोडत आणि तांब्याच्या वेटोळ्यात ठेवलेला पोलादी दांडा लालबुंद होई. ठेका चुकला की दोन्ही व्हॉल्व्ह एकदम पेटणार, फुटणार आणि काचा जवळच्या माणसाच्या अंगात घुसणार. म्हणून रोज सकाळी मी तो प्रमाण फ्रिक्वेन्सीशी ताडून बघे. जुळला की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवं कडं स्थिर उभं राही. तोवर मी देव पाण्यात घालून बसलेला.

जवळचा माणूस म्हणजे आमचे ऑपरेटर. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले मराठी. मी त्यांना अण्णा म्हणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला मशीन पुसून झालं, कोहळा फुटला, चुरमुरे-फुटाणे वाटले. पूजेनंतर मशीन थोडं चालवायची रीत. कडं स्थिर दिसलं, मी वीज दिली. डबा तापला तसं कडं फिरायला लागलं. मी सावरायला गेलो तर आणखीच भरभर. अण्णा दांड्यावर वाकलेले, पाठ व्हॉल्व्हकडे. कसाबसा लाल बटणावर हात आपटला. मशीन थांबलं.

डबा उघडला. आत ठेका ठरवणारी छोटी कॉइल, तिला ओलं गंध, वर कुंकू! डबा तापून ती ओल वाळायला लागली, तसा ठेका ढळला होता.

“हे कुणी केलं?” मी ओरडलो.

“मीच लावलो स्वल्प,” अण्णा म्हणाले. “मशीनचा जीव ह्याच्यात हाय म्हणता की तुम्हीच. मग ह्याला पूजा नको?”

रागवावं की रडावं कळेना. कॉइल स्पिरिटनं पुसली, वाळवली, पुन्हा ताडून बघितलं. कडं उभं राहिलं. पुष्कळ वेळ राहिलं, तरी मी आणखी एकदा ताडून बघितलं.

“सरी?” ठीक ना, असं अण्णांनी कानडीत विचारलं आणि मी काही बोलायच्या आत दांडा घेऊन, व्हॉल्व्हकडे पाठ करून उभेही राहिले. त्यांचा माझ्यावर भरवसा होता, त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. वीज द्यायचं बटण मात्र मलाच दाबायचं होतं.