रावकाकांचा ड्राइव्ह आणि मी न टाकलेला पासवर्ड

भुताखेताच्या गोष्टी मी जेवताना ऐकते आणि हात धुतानाच विसरते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

मी मूळची साताऱ्याची, नोकरी चेन्नईत, शोळिंगनल्लूरला. हार्ड ड्राइव्ह कॉम्प्युटरशी बोलतो तो ड्रायव्हर नावाच्या प्रोग्राममधून — ते प्रोग्राम लिहिणं हेच माझं काम. राहते वेस्ट मांबलमला, घरमालकीण कमळाकाकूंच्या वरच्या मजल्यावर. काकू तंजावरी मराठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेल्या मराठी घरातल्या.

त्यांच्या मुलीचं, सुधाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. काकूंच्या आई लग्नाची जुनी गाणी म्हणायच्या, ती आता कुणालाच येत नाहीत. काकूंचे यजमान रावकाका यांनी ती रेकॉर्ड केली होती. पण एकदा लॅपटॉप चोरीला गेल्यापासून काका भलतेच सावध! गाणी ठेवली ती पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या ड्राइव्हवर. आणि पासवर्ड कुणालाच न सांगता गेल्या वर्षी ते गेले.

रविवारी दुपारी मी ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला जोडला. नावं, वाढदिवस, कुलदैवत... सगळं चुकलं. दहा चुका झाल्या की हा ड्राइव्ह कायमचा बंद होतो. नऊ झाल्या होत्या.

"बस्स काकू, आता नको."

"परवाइल्लै, पोरी," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे. कॉफी घे."

मी दोन्ही हातांत पेला धरला — आणि स्क्रीनवर ओळ उमटली. 'अनलॉक्ड'.

मी लॉग, म्हणजे ड्रायव्हरने काय काय केलं त्याची नोंद, पाहिला. ड्रायव्हरने चौदा अक्षरांचा पासवर्ड पाठवला होता, ड्राइव्हने तो मान्य केला होता; अक्षरं कोणती, ते मात्र लॉगमध्ये दिसत नाही. वायफाय बंद. कीबोर्डवर कुणाचाही हात नाही!

"काकू, वायरला हात लावू नका! निघाली तर पुन्हा लॉक होईल!"

भराभर कॉपी केलं, पहिली फाइल लावली. आजींचा खणखणीत आवाज, आणि मध्येच रावकाका — "थांबा, थांबा, पुन्हा म्हणा!" काकू रडता रडता खदखदून हसल्या. सुधा पिठाच्या हातांनीच धावत आली. "अस्की आहेत गं, अस्की!" काकू ओरडल्या. म्हणजे सगळीच्या सगळी.

लग्नात फोनवर गाणी लावून काकू आणि त्यांच्या बहिणी सुरात सूर मिसळून गायल्या. तमिळ व्याह्यांनीही टाळ्यांचा ठेका धरला. इतकी मी स्वतःच्या बहिणीच्या लग्नातसुद्धा नाचले नव्हते.

वायर काढल्याबरोबर ड्राइव्ह पुन्हा लॉक झाला होता. मी ड्रायव्हरच्या कोडची ओळन् ओळ तपासली. माझे सीनियर म्हणाले, "बग असेल."

असेल... पण बगला कुणाचा पासवर्ड माहीत नसतो.