ज्याची गादी त्यानं न्यावी

आमच्या घरात अंतराळाचं प्रेम कोणालाच नव्हतं. पण आपला माणूस रशियनांच्या स्थानकावर पोचला आणि बहरीनमध्ये झिंज भागातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसले. नवरा, धाकटा दीर, जाऊ आणि तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन मी.

दीर सलमाबादच्या एका वर्कशॉपात लागला होता. फ्लॅट मिळेपर्यंत म्हणून दोघं आले ते हललेच नाहीत. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कै, ही म्हण मी भांडी घासताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे. जाऊबाईंना ती ऐकूच यायची नाही. त्यात बाळंतपणाच्या लीव्हवर जाताना, नवऱ्याच्या आग्रहाखातर, मी ऑफिसात टायपिस्टच्या माझ्या जागी तिलाच बसवलं होतं. मी परतेपर्यंत, एवढीच बोली.

पडद्यावर झडप उघडली. आधीपासून तिथं राहणाऱ्या तिघांनी नव्या तिघांना मिठ्या मारल्या.

"किती गोड ना, वहिनी! एवढ्याशा जागेत सहा जणं," जाऊ म्हणाली.

"आठवड्यात परत जाणार आहेत ते," मी म्हणाले.

नवऱ्यानं घाईघाईनं पेपरात वाचलेलं ज्ञान पाजळलं. पाहुणे आपलं नवं यान यजमानांना ठेवून जुन्या यानानं परततात. मात्र प्रत्येकाच्या आसनाची गादी त्याच्याच अंगाच्या मापाची असते. ती ज्याची त्यानं उचलून दुसऱ्या यानात न्यायची.

"ऐकलंस?" मी जावेला म्हणाले. "शनिवारपासून मी ऑफिसला जाते. लीव्ह खलास."

ती टीव्हीकडेच बघत राहिली. "साहेबांनी मला परमनंट केलंय, वहिनी. भाऊजींना माहीत आहे."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, पगार घरातच येतोय ना," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या देशात मी त्याच्या व्हिसावर आले होते, पण ती नोकरी मी माझ्या बोटांवर मिळवली होती. माझं म्हणून तेवढंच होतं.

शनिवारी मुलीला शेजारणीकडे ठेवून ऑफिसात गेले. जाऊ माझ्या टाइपरायटरसमोर बसली होती. सातव्या महिन्यात कंबर धरायची म्हणून मी शिवलेल्या उशीला टेकून.

"ऊठ," मी म्हणाले. सगळं ऑफिस बघत होतं. ती उठली. मी उशी काढून काखोटीला मारली.

"बस आता."

घरी येऊन त्या दोघांच्या गाद्या गुंडाळल्या आणि जिन्यात नेऊन ठेवल्या.