ड्रायव्हरमधली घरघर
आज खिडकीखाली कंटेनरच्या ट्रेलरने हॉर्न मारला आणि मला तो बोर्ड आठवला. तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याच्या माइकचा आवाज लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला घेता यावा म्हणून मी ड्रायव्हर, म्हणजे दोघांना जोडणारा कोड, लिहीत होतो. रेकॉर्डिंग पाठवलं की कोड तपासणारा परदेशातला गृहस्थ एका ओळीत कळवायचा, "मागे घरघर आहे, कोड दुरुस्त करा." मी कोडमधल्या क्लॉकच्या, बफरच्या सेटिंग बदलल्या, चांगला चालणारा कोड दहादा उचकटला, तरी घरघर जाईना. शेवटी एका दुपारी वैतागून हेडफोन टेबलावर फेकले. बायकोने ते उचलून कानाला लावले. तिचं माहेर आपटा गावचं, शांत नदीकाठचं. "अरे, हे तर न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा यांच्यामुळे झोप लागायची नाही मला. तुला खरंच ऐकू येत नाही?" नव्हतं येत, माझा सगळा जन्म पनवेलच्या या हायवेवर गेलेला. मी खिडकी लावून रेकॉर्डिंग केलं, अगदी पहिलाच कोड परत पाठवला, आणि तो मुकाट्याने मंजूर झाला. घरघर मात्र त्या दिवसापासून मलाही रोज ऐकू येते, आणि ती दुरुस्त करा म्हणून लिहायचं कुणाला?