पदर आणि चष्मा

लग्न होऊन मी नागभीडजवळच्या एका खेड्यात नांदायला गेले आणि थोड्याच दिवसांत माझी ख्याती पसरली. अशी मर्यादेची सून आसपासच्या गावांत नाही, असं बायका विहिरीवर म्हणायच्या. वडीलधारा माणूस समोरून आला की डोक्यावर पदर घेऊन वाटेच्या कडेला उभं राहायचं, ही तिथली रीत. मी तर धोतरासारखं काहीही पांढरं दिसलं की पदर घ्यायची. घरच्या गड्यासाठी घेतला, कासारासाठी घेतला, एकदा धानाच्या बांधीतल्या बुजगावण्यासाठीही घेतला आणि ते पुढे जाईना म्हणून बराच वेळ ताटकळत राहिले.

खरं म्हणजे चार पावलांपलीकडचा माणूस मला ओळखूच येत नसे. चेहरा कळेपर्यंत उशीर होई, म्हणून आधीच पदर घेऊन मोकळं व्हायचं. जन्मापासून तसंच दिसत होतं, त्यामुळे सगळ्यांनाच जग असं दिसतं, अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत चौथीपर्यंत मी फळ्यावरचं सारं शेजारणीच्या पाटीवरून उतरवलं आणि तरी मास्तर मला हुशार म्हणायचे.

गावचा कोतवाल, म्हणजे दवंडी देणारा आणि सरकारी निरोप पोचवणारा म्हातारा, गावाबाहेरच्या वस्तीत राहायचा. त्याच्यासाठी कुठल्याही घरची बाई पदर घेत नसे. मी घ्यायची. सासूबाई चिडायच्या, "त्याच्यासाठी काऊन घेते पदर?" मी म्हणायची, वयानं मोठे आहेत. तो कोतवाल होता हे मला त्याचा आवाज ऐकल्यावरच कळायचं, पण तसं कबूल कोण करणार?

मग एका सकाळी सासूबाईंचे थोरले भाऊ चिमूरहून आले आणि अंगणातल्या चिंचेखाली पांढरी पासोडी लपेटून बसले. मला ते कापसाचं गाठोडं वाटलं. मी उघड्या डोक्यानं, गुणगुणत, शेणाच्या पाण्याचा सडा टाकत गेले तो थेट त्यांच्या पायांवर. आधीच तापट माणूस. न जेवता निघून गेले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "गावाले पदर दाखवते आन् माह्या भावाले शेन. पोचवून द्या हिले माहेरी." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कौलांकडे पाहत होता. मी फार घाबरले. परत पाठवलेल्या मुलीचं त्या काळी काय होई, हे माझ्या मावशीच्या रूपानं मी माहेरी रोज पाहिलेलं होतं.

मला माहेरी पोचवायचा दिवस ठरायच्या आतच कोतवाल दवंडी देत आला. नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर नागभीडच्या शाळेत येणार होते, लहानथोर कोणीही डोळे दाखवून घ्यावेत. आमच्या फाटकाशी तो थांबला. मी सवयीनं पदर घेतला. तो हसला आणि सासूबाईंना म्हणाला, "मायबाई, सूनबाईले घेऊन जा तिथी. माह्यासाठी पदर घेते. डोळे चांगले असते तर घेतला असता काय?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बैलगाडी जुंपायला सांगितली.

शाळेत भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला होता. वरचं एकच मोठं अक्षर मला वाचता आलं, खाली नुसत्या मुंग्या. डॉक्टरांनी माझ्या नाकावर एक जड चौकट ठेवली आणि पेटीतून एकेक काच काढून तिच्यात घालू लागले. "ही काच बरी, की ही?" मी म्हटलं, "दोन्ही बऱ्या." त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हनाल ते." हे बरं की ते बरं, असं सासरी मला अजून कोणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "दुसरी बरी आहे तिले." डॉक्टर वैतागले. "बाई, डोळे हिचे आहेत, हिलाच सांगू द्या." मग मी हळूच म्हटलं, "पहिली." एकदा सवय झाल्यावर मी इतकं ठणकावून सांगू लागले की डॉक्टरांनाच हसू आलं. शेवटची काच घातली आणि मुंग्यांची अक्षरं झाली. मी तळची ओळ वाचली, मग कोणी न सांगता खिडकीबाहेरच्या दुकानाची पाटीही वाचली.

परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "इतकं कमी दिसते तुले, तर नाल्यावर एकटी कशी जात होती? तिथी अस्वल येते."

"काळं दिसलं का थांबून राहो. हललं नाई तर झुडूप."

त्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. माहेरी पाठवायचं पुन्हा कोणी काढलं नाही, आणि पाण्याला त्या माझ्यासोबत येऊ लागल्या.

काही आठवड्यांनी टपालानं चष्मा आला. मामसासरेही पुन्हा आले. मी त्यांना पार रस्त्याच्या वळणावरच ओळखलं, पदर घेतला, पाय धुवायला पाणी ठेवलं. "आज सडा नाई काय?" म्हणाले आणि पोटभर जेवले.

आता चेहरे दुरूनच कळायचे. गड्यासाठीचा पदर सुटला, कासारासाठीचा सुटला. एक दिवस वाटेवर कोतवाल समोरून आला. त्याच्या पांढऱ्या मिशा, खांद्यावरचं घोंगडं, हातातली काठी, सगळं मला पहिल्यांदाच लख्ख दिसलं. माझा हात पदराकडे गेला नाही. त्यानं ते पाहिलं, आणि हसूनच म्हणाला, "बरं झालं बाई. नंबर बरोबर लागला."

तो निघून गेला. मला इतकी शरम वाटली की त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच वाटेनं आला. मी कडेला सरले आणि पदर चांगला कपाळाखाली ओढला. तो थांबला. काळजीनं विचारू लागला, "काऊन बाई, चष्मा घरी राह्यला काय?"

"नाई, भाऊ," मी म्हटलं. "लावलाच आहे."