अक्कानं न फोडलेली मूर्ती

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या बाजारात भेंडी निवडत होतो. "बबनराव, तुमची अक्का गेली," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि ते हातात येण्याआधीच तिनं मान टाकली... औंढ्याला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. आलं ते तिथं जमलेल्यांचं बोलणं ऐकून, आणि तेही संतापानं. आमचे एक दूरचे काका स्मशानातून परतल्यावर हातपाय धुता धुता म्हणाले, "उतारवयात त्या गेमचा नाद लागला नसता तर जगली असती बाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेराव्याला चार जण तिच्याविषयी बोलले. सोशिक होती, देवभोळी होती, आल्यागेल्याचं करायची. गेमचं नाव एकानंही काढलं नाही, जणू घरातली झाकून ठेवायची गोष्टच ती. म्हणून मी लिहायला बसलो आहे.

अक्काचा मुलगा महेश पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. घराच्या पुढच्या अंगाला असलेल्या त्यांच्या बेल-फुलांच्या दुकानात दुपारचं गिऱ्हाईक नसे. मागच्या खोलीत अक्का तो सुरू करून बसायची. त्यात महेशच्या शाळेच्या दिवसांतला एक गेम होता. एक ओसाड शहर आणि त्यात हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत तलवार घेऊन फिरणारा एक नावाडी. पायाखालचे पूल तुटायचे, भिंतीतून भाले यायचे, राक्षस अंगावर धावायचे. साठीला आलेली माझी बहीण, नाकावर घसरलेला चष्मा, पदर कमरेला खोचलेला, "मर मेल्या" म्हणत सगळं पार करायची. दसऱ्याला कीबोर्डला हळदकुंकू वाहायची. आणि गेममध्ये कुठंही देऊळ लागलं की आधी नावाड्याला मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालायला लावायची, मग माउस सोडून स्वतः हात जोडायची. तेवढ्यात मागून राक्षस येऊन त्याचा निकाल लावायचा.

"अक्का, काहून मरू देतीस त्याला?"

"मरू दे. देवापुढं मेलाय. उठंल की पुन्हा."

आणि तो उठायचाही.

शेवटच्या दारापाशी मात्र ती अडली. दाराची किल्ली एका देवीच्या मूर्तीच्या पोटात होती. मूर्ती फोडायची, किल्ली काढायची, दार उघडायचं, की भाऊ भेटला आणि खेळ संपला. अक्कानं त्या मूर्तीवर तलवार उगारली नाही. आम्ही औंढ्याच्या देवळाच्या सावलीत वाढलेली माणसं. बाहेरच्या भिंतीवरची, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात गेलेला, अशी शिल्पं बघत लहानाचे मोठे झालो. ती कुणी तोडली हे अक्कानं कधी विचारलं नाही. "तोडणाऱ्याचा हात कसा उठला असंल रे?" एवढंच विचारायची, आणि ते म्हातारपणापर्यंत विचारत राहिली. महेश फोनवर वैतागायचा, "आई, दुसरा रस्ताच नाही. इंटरनेटवर बघितलंय मी." तिला ते पटायचं नाही. "बनवणाऱ्यानं ठिवली असंल की कुठंतरी वाट. मी धुंडून राहिले न्हवं?" कित्येक वर्षं ती धुंडत होती. भिंत न् भिंत चाचपायची, आडात उडी मारून बघायची, मरायची, पुन्हा मूर्तीसमोर येऊन उभी राहायची.

मी तिला चिडवायचो. "तुझा भाऊ आत अडकलाय अक्का. घाल एक घाव आन् सोडव." खेळात भाऊ नावाड्याचा होता, पण आमच्या बोलण्यात तो तिचाच झाला होता.

"बसंल तो," ती म्हणायची. "बहिणीनं मूर्ती फोडून सोडवलं, हे त्याला तरी गोड लागंल का? तू न्हाई का बसायचास देवळाच्या पायरीवर, मी शाळेतून येईपर्यंत?"

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महेशनं व्हिडिओ टाकला. वर लिहिलं होतं, "आईचा गेम पूर्ण केला. तिच्या आत्म्याला शांती मिळो." मूर्तीवर घाव, मूर्तीचे तुकडे, किल्ली, दार, भाऊ, मग वाजंत्री. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. काकांचेसुद्धा, ज्यांना तिचा नाद एवढा खुपला होता. मी तसाच मागच्या खोलीत गेलो. महेश अजून कॉम्प्युटरसमोरच बसला होता.

"काहून केलंस रे हे?"

"मामा, एवढंच तर राहिलं होतं तिचं."

"राहिलं न्हवतं. तिनं ठिवलं होतं."

तो रडायला लागला. लेकरानं आईसाठीच केलं, हे मला कळतं. पण माझा राग गेलेला नाही आणि जावा असं वाटतही नाही. माणूस गेलं की त्याचं सगळं उरकून टाकायची केवढी घाई आपल्याला! त्यानं आयुष्यभर जाणूनबुजून जे केलं नाही तेही त्याच्या नावानं करून मोकळे होतो, आणि वर हात जोडतो. महेशनं तिचा सेव्ह केलेला खेळ पुसून त्याच जागी आपला सेव्ह केला होता. अखंड मूर्तीसमोर उभा असलेला तिचा नावाडी आता कुठंच उरला नव्हता.

कॉम्प्युटर भंगारात जाणार होता. मी तो मागून घेतला आणि भाऊजींनी ओळखीच्या टेम्पोत घालून बाळापूरला पाठवला. कीबोर्डच्या बटणांच्या फटीत अजून कुंकू आहे. बायकोला मी ते पुसू दिलेलं नाही. गेम पहिल्यापासून सुरू केलाय. मला काही जमत नाही, दुसऱ्याच पुलावरून खाली पडतो. पण वाटेत पहिलं देऊळ लागतं तिथं नावाड्याला फेरी घालायला लावतो, माउस सोडतो, हात जोडतो आणि मार खातो. पोचेन कधीतरी त्या मूर्तीपाशी. मग मीही भिंती चाचपायला लागेन. दार बंद असेल, भाऊ आत बसलेला असेल... बसू दे. अक्काची वाट बघत बसायची मला सवय आहे.