महादेवकाकांची आंबील

महादेवकाका कुवेत कायमचं सोडून चालले होते आणि आम्ही तीन शिकलेली माणसं त्यांच्यासाठी एक आंबील ठरवू शकत नव्हतो. आठवलं की मला अजून राग येतो. आधी स्वानंदचा, मग दर्शनाचा, आणि सगळ्यात जास्त खुद्द काकांचा.

काका शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये सुतार होते. कुडाळजवळच्या गावातून निघाले तेव्हा पॉलिशवाला म्हणून निघाले. इथे उतरल्यावर कंपनीने रंधा हातात दिला. काका म्हणाले, “चलात.” म्हणजे चालेल. लेकीच्या लग्नाच्या वेळी सुट्टी पुढे ढकलली, तेव्हाही चलात. बायको सीताबाईने फोन धरला, लग्न त्यांनी मोबाइलवर बघितलं. अर्दियाच्या गोदामावरच्या खोलीत सात जणांत राहायचे. ज्याची पाळी तो रांधायचा, आणि तो मसाल्याऐवजी नुसतं तिखट ओतणारा असला तरी काका मुकाट्याने जेवायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी तेच करायचे. कमिटी ऐन वेळी डिझाइन फिरवायची, काका ठोकलेले खिळे उपटून पुन्हा ठोकायचे.

मी मूळची नांदेडची, जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. काकांचा खांदा धरला म्हणून ते माझ्याकडे यायला लागले. त्यांचा हात वर करून मी विचारायची, “दुखतंय का?” उत्तर ठरलेलं: चलात. आता या उत्तरावर मी काय इलाज करणार? अशा एका दिवशी, हात माझ्या हातात असताना, ते आपणहून म्हणाले, “बाय, जावच्या आधी एकदा सगळ्यांवांगडा बसान आंबील पिवची आसा.”

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, हे एवढं तरी मनासारखं झालंच पाहिजे. आणि चूक केली, म्हणजे स्वानंदला फोन केला.

स्वानंद पुण्याचा, हॉस्पिटलमधली मशीन्स दुरुस्त करतो. पुण्यात असताना तो मित्रांबरोबर घरी बिअर बनवायचा. इथे दारूबंदी, ते करणं म्हणजे थेट परतीचं विमान, त्यामुळे त्याची सगळी तुंबलेली हौस आंबिलीवर घसरली. “आपण ग्रुप ब्रू करू,” म्हणाला. म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच कृती निवडायची, ज्याने त्याने आपल्या घरी तशीच आंबवायची आणि शेवटी एका पातेल्यात ओतून सगळ्यांनी प्यायची. लगेच व्हॉट्सॲप ग्रुपही निघाला, ‘आंबील ब्रू’. काकांनाही त्यात घातलं.

एकच कृती! मी म्हटलं, ज्वारीची, लसूण-जिऱ्याची, ताटलीत ओतता येईल इतकी दाट. स्वानंद म्हणाला, नाचणीची, पातळ, आणि फ्रीजमधून काढलेली गार. आंबील गार पिणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार? तिसरी दर्शना, रत्नागिरीची, नर्स आहे. ती म्हणाली, काहीही करा, पण आंबट नको.

“आंबट नको?” मी विचारलं.

“अगं, माझे संतोषीमातेचे शुक्रवार चालू आहेत. आंबटाला हातसुद्धा लावत नाही मी.”

“मग शुक्रवार सोडून ठेवू.”

“इतर दिवशी माझी ड्यूटी. स्वानंदचीही. आणि काकांना सुट्टी कधी असते? शुक्रवारीच ना?”

खरंच होतं. इथे सगळं शुक्रवारी. बारसं शुक्रवारी, सत्यनारायण शुक्रवारी, निरोपसमारंभही शुक्रवारी. म्हणजे आता आंबट नसलेली आंबील शोधायची. मी ग्रुपवर लिहिलं, “ज्यांचा निरोप आहे त्यांनाच विचारा ना. काका, तुमच्या घरी कशी करतात?” बऱ्याच वेळाने उत्तर आलं. हात जोडल्याचं चित्र आणि खाली: “तुमी करशात तशी. चलात.”

मी फोन सोफ्यावर आपटला.

मग फोन करून चांगलं खडसावलं त्यांना. “काका, एकदा तरी ‘मला हे हवं’ म्हणा हो! जिभेला काय हाड झालंय?” ते नुसते हसले. म्हणाले, “तुमी भांडू नकात.”

शेवटी मी नमतं घेतलं. स्वानंदची नाचणी, माझा लसूण, दर्शनाने त्या दिवशी फक्त भात खावा. एवढं ठरल्यावर नवा घोळ: आंबवायची कुठे? घरात एसी, त्या गारठ्यात पीठ ढिम्म हलेना. बाल्कनीत ठेवलं तर कुवेतचा जून. संध्याकाळपर्यंत माझ्या पातेल्याला असा वास सुटला की मी ते नाक दाबून मोरीत ओतलं. स्वानंदने डोकं लढवून त्याचं पातेलं गीझरखाली ठेवलं. तिथे ते मस्त फसफसलं. आणि नेमका त्याच्या इमारतीचा हारिस यासिर गळका नळ बघायला आला. हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार. त्याने वास घेतला, पातेल्याकडे पाहिलं आणि डोळे बारीक करून विचारलं, “खमर?” म्हणजे दारू का?

स्वानंदची बोबडी वळली. यासिर हसतच होता, त्याला बहुधा गंमत करायची होती. पण तो जिना उतरेपर्यंत इकडे सगळी आंबील नाल्यात आणि ग्रुपचं नाव ‘आंबील ब्रू’वरून ‘शुभेच्छा’.

शुक्रवारी स्वानंदकडे जे पातेलं टेबलावर आलं ते कुणाचंच नव्हतं. नाचणी आणि ज्वारी अर्धी अर्धी, कारण मी पुन्हा हट्टाला पेटले होते. आंबवलेली नाही, कारण स्वानंद घाबरला होता. लसूण घालायचाच राहिला होता. आंबटपणा म्हणून दुकानातल्या लबनचा, म्हणजे इथल्या ताकाचा, एक डबा, तोही दर्शनाची नजर चुकवून ओतलेला. खळ झाली होती नुसती, पतंगाला कागद चिकटवावेत अशी. मला लाज वाटली. काका दोन पेले प्यायले, त्यांनी मिशी पुसली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, “चलात.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वानंदने त्यांना शाल घातली.

परत जाताना काकांना मी गाडीतून अर्दियाला सोडलं. रस्ताभर मी धुमसत होते. गोदामाच्या दाराशी गाडी थांबवली आणि राहवलं नाही.

“काका, खरं सांगा. घाण झाली होती ना?”

“नाय गो बाय.”

“झाली होती! तुमची एकच गोष्ट होती हो. एकच. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की आमच्या घरी अशी करतात, तर मी सगळ्यांना गप्प बसवून तश्शी करून आणली असती. का नाही सांगितलंत?”

काका शालीची घडी घालत राहिले. घातलेली घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“सांगतलंय असतंय,” ते म्हणाले. “रोज रात्री निजताना आठवून बघी. पण आमची आंबील कशी लागायची, ता माका आता आठवणाच नाय.”

मी इंजिन बंद केलं.

“म्हटलंय, तुमी तिगां तीन तऱ्हेची सांगतास. खंयचीतरी तोंडाक लागली की म्हणान, हीच ती. तितक्यासाठी दोन पेले प्यालंय.” त्यांनी दार उघडलं. बाहेरची झळ आत आली. एक पाय खाली ठेवून ते तसेच बसून राहिले.

“घराक गेलंय की सीताबाई पयला ताच इचारतली, आंबील करू काय, तुमका कशी आवडता म्हणान. तिका काय सांगू, बाय?”